तीन हातांवरचा दिवा

खंडेनवमी हा निवतीच्या डायव्हर-शेडमधला वर्षातला एकमेव दिवस, ज्या दिवशी कुणी कुणाला शिव्या देत नसे. हवेच्या टाक्या, पट्टे, खरवडण्या, नट आवळायचे पाने, सगळं धुऊनपुसून सतरंजीवर मांडायचं, झेंडूच्या माळा घालायच्या, नारळ फोडायचा आणि मग दिवसभर हत्याराला हात लावायचा नाही. पाण्याखाली न्यायचे दिवेही त्याच ओळीत बसत. त्यांच्यापुरता मात्र एक वेगळा नियम होता आणि तो शेडच्या म्होरक्याने, सगुण मामाने, घालून दिला होता. दिव्याला फूल वाहा, हवी तर दोन वाहा, पण हळद नको, कुंकू नको आणि अक्षता तर मुळीच नकोत.

कारण साधं होतं. सेल बदलायला दिव्याचं झाकण उघडावं लागतं आणि त्या झाकणात रबराची एक बारीक रिंग असते. तिच्यावर केस आला, वाळूचा कण आला, तांदळाचं टोक आलं, तरी झाकण घट्ट बसल्यासारखंच वाटतं. खाली गेल्यावर पाण्याचा दाब ती फट बरोबर शोधून काढतो. एका खंडेनवमीला कुणाच्या तरी बायकोने भक्तिभावाने अक्षता टाकल्या आणि पहिल्याच बुडीत नवऱ्याच्या दिव्यात समुद्र शिरला. तेव्हापासून पूजेच्या वेळी मामा पहारेकऱ्यासारखा उभा राहायचा. "देवाक रिंगेतली भक्ती नको," असं दरवर्षी बजावायचा आणि दरवर्षी लोक हसायचे.

या वर्षी मामाने स्वतःच्या दिव्याचं झाकण उघडलं, अंगठा कुंकवात बुडवला आणि रिंगेवर छान गोल टिळा लावला. वर चिमूटभर अक्षता टाकल्या. हात जोडले.

मोटरबोट चालवणारा पास्कू दाराशी उभा होता, त्याने तोंडातली विडी खाली टाकली. मामाची भाची दर्शना पुढे झाली. काहीतरी बोलायला हवं म्हणून ती हसून म्हणाली, "काय मामा, औंदा नवो नियम काढलंस?"

"कसलो नियम?" मामाने विचारलं.

तो गंमत करत नव्हता. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. दर्शनाने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "काय नाय रे, तीर्थ घे," म्हणाली आणि दिवा हळूच आपल्या बाजूला सरकवला.

ही दर्शना खवणेकर मामाच्याच हाताखाली वाढली. आई, म्हणजे मामाची धाकटी बहीण शालन, लवकर गेली. वडील आखातात गेले ते तिकडचेच झाले. मामा-मामींना मूल नव्हतं, त्यांनी तिला आणलं, कुडाळला इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं आणि सुट्टीत मामाने पाण्यात घातलं. तेव्हा समुद्र तापत चालला होता. बांगडा उत्तरेला निघून गेला आणि निवतीच्या होड्या वाळूत उलट्या पडल्या. मग क्षितिजावर पवनचक्क्यांचे मनोरे उभे राहिले. त्या मनोऱ्यांच्या पायांवर पाण्याखाली शिंपल्यांची जाड पुटं चढतात, ती खरवडून आतले सांधे तपासावे लागतात. यंत्रं पाठवून पाहिली, ती प्रवाहात आपटून मोडली. शेवटी माणसंच लागली. गावातले होड्या हाकणारे अर्धे तांडेल डायव्हर झाले आणि त्यांचा म्होरक्या झाला सगुण गिरकर. पाणी असं गढूळ हिरवं की भर दुपारी खाली स्वतःची कोपरं दिसत नाहीत. तिथे दिवा म्हणजे डोळा.

आणि दिवा राखावा तर मामाने. "सेल अर्धपोटी निजवूचो," हे त्याचं पहिलं वाक्य. काम नसेल तेव्हा सेल निम्मा भरून थंड जागी ठेवायचा. पूर्ण भरून ठेवलात की तो आतल्या आत कुजतो. पाण्यातून आल्या आल्या गरम सेल चार्जरला लावायचा नाही. दिवा आधी गोड्या पाण्याच्या टबात बुडवायचा, मीठ सुटू द्यायचं, मगच पुसायचा. रिंगेला ग्रीस लावायचं ते चमकण्यापुरतं, भाकरीला लोणी लावल्यासारखं नाही. कुणी चुकलं की मामा त्याच्या सात पिढ्या काढायचा. दर्शनाने तर याच्यासाठी चापटसुद्धा खाल्ली होती, तीही एकवीस वर्षांची असताना!

नवीन दिवे आले ते एका अपघातानंतर. मनोऱ्याच्या पायात शिरलेल्या एकाचा दिवा आतच विझला, जोडीदार पुढे निघून गेला होता. माणूस वाचला, पण पुन्हा पाण्यात उतरला नाही. पवनचक्क्यांची कंपनी हादरली आणि वर्षभरात तिने वाटपाचे दिवे आणले.

त्यामागचं शास्त्र अवघड नाही. खारं पाणी वीज वाहून नेतं. या दिव्यांच्या गळ्याशी धातूचे दोन पट्टे असतात. दिवा अशक्त झाला की तो पट्ट्यांमधून पाण्यात एक बारीक थरथर सोडतो, 'माझं संपत आलंय' अशी हाक म्हणा ना. जवळच्या दिव्यात जास्त असेल तर तो ओ देतो आणि त्याच पाण्यातून त्याची वीज याच्याकडे वाहू लागते. तारेची गरज नाही, माणसाने काही दाबायची गरज नाही. वाटेत बरीचशी वीज पाणी तापवण्यात वाया जाते, सरकारी योजनेसारखी. निघते तेवढी पोचत नाही. पण पोचते ती पुरते. अट एकच, दोन दिवे तीन हातांच्या आत हवेत. त्यापलीकडे हाक ऐकू जात नाही.

त्या दिवसापासून निवतीच्या पाण्यात एकही दिवा एकटा विझला नाही. शेजारचे दोन्ही दिवे सारखेच जळायचे, चार्जचा आकडाही दोघांवर सारखाच दिसायचा. बायकांनी सुटकेचा श्वास टाकला. गंमत पुढेच झाली. भांडण झालेले जोडीदार मुद्दाम चार हात लांब पोहू लागले. होडीतून खाली बघून पास्कू सांगायचा, "ह्या दोघांचा फाटलाहा, बघा, उजेड वेगवेगळो." उलट एक पोरगा चार्जच्या निमित्ताने जोडीदारणीला इतका चिकटून पोहायचा की शेवटी गावाने त्यांचं लग्न लावून दिलं. आळशांचं तर फावलंच. "जावंदे रे, जोडीदाराचो आसा मा भरलेलो!" असं म्हणत लोक अर्धा सेल घेऊन उतरू लागले. आपला दिवा किती खरा आहे हे पाहायची कुणाला गरजच उरली नाही.

फुकट मात्र काही नसतं. सेल दरवेळी रिता होतो, भरतो, तेव्हा त्याच्या आतल्या थरांवर जराशी खपली धरते. जो जास्त देतो तो जास्त वेळा रिता होतो, म्हणून लवकर म्हातारा होतो. गेल्या हंगामात दर्शनाचे दोन सेल असे अकाली गेले. कंपनीच्या इंजिनियरने फोनवर निदान केलं, "मॅडम, तुम्ही उन्हात चार्ज करत असाल." दर्शनाचा पारा चढला. मामाच्या हाताखाली शिकलेल्या बाईला हा उपदेश! आपला सेल दुसऱ्या कुणाला पोसत असेल, हा विचार तिच्या मनालाही शिवला नव्हता. तिचा जोडीदार मामा होता. मामाच्या सेलवर शंका घेणं म्हणजे ग्रामदेवतेच्या सोन्यावर शंका घेणं.

दसऱ्याच्या दुपारी ती एकटीच शेडमध्ये गेली. मामाच्या रिंगेवरचं कुंकू पुसलं, खाचेतला तांदळाचा दाणा चिमट्याने काढला, ग्रीस लावलं. मग दोघांचेही दिवे पूर्ण भरून, पेटवून, गोड्या पाण्याच्या टबात सोडले. रिंग धरतेय की नाही एवढंच तिला पाहायचं होतं. तेवढ्यात बाहेर कुणीतरी हाक मारली, ती सोनं वाटायला गेली आणि चहाला बसली. परत येऊन बघते तर तिचा दिवा टबात लख्ख जळतोय आणि मामाचा गेलेला.

आधी वाटलं पाणी शिरलं. उघडून पाहिलं, आत ठणठणीत कोरडं. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. गोड्या पाण्यातून वीज जवळजवळ जातच नाही. टबात दोघे दिवे शेजारी होते, पण एकमेकांची हाक त्यांना ऐकू येत नव्हती. जो तो आपल्या जिवावर जळत होता आणि मामाच्या सेलमध्ये जीवच उरला नव्हता. तिने पुन्हा भरून पुन्हा लावला. पुन्हा तेच. सेल फुगला नव्हता हे नशीब, नुसता थकला होता.

ती तशीच मामाच्या घरी गेली. मामी ओटीवर नारळ खवत बसली होती. दर्शनाने विचारलं, "मामी, मामाचो सेल पावसात खय होतो?"

"चार्जरार," मामी म्हणाली. "मृगापासून थयच आसा. रोज सकाळी उठतत, तेचेर फडको मारतत, हिरवो लायट बघतत नि म्हणतत, भरलोहा. मी काय बोलू?"

भरल्या पोटी निजवलेला सेल, तोही पत्र्याखाली, सबंध पावसाळाभर. आणि निजवला कुणी, तर मामाने. आदल्या वर्षीही असंच झालं असणार. दर्शना पायरीवर बसली. मामीने खवणीवरचा हात थांबवला.

"तुका आज कळला? माका शिमग्यापासून ठाऊक आसा," ती म्हणाली. "आमटीक दोनदा मीठ घालतत. बाजारात जातत नि रिकामी पिशवी घेऊन येतत. परवा माका विचारलानी, शालन खय गेली? शालन जावन किती वरसा झाली गो!" तिने पदराने नाक पुसलं. "पण पाण्यात ते ठीक आसत. पाण्यात तेंका सगळा आठवता. तू तेंका पाण्यातसून काढू नको, बाये. थयसून काढलंस तर ते घरात खुर्चीर बसान रवतले नि माझ्या डोळ्यांदेखत विझतले."

मामी काय सुचवत होती ते दर्शनाला समजलं होतं. कोजागिरीला हंगाम उघडायचा आणि हंगाम उघडताना जोडीचा शब्द द्यायचा असतो. ही निवतीची रीत कंपनीच्या आधीची, खोल पाण्यात शिंपले काढायला जायचे त्या काळातली. धक्क्यावर सगळ्यांसमोर जोडीदाराच्या खांद्यावर हात ठेवायचा आणि तो पाण्यात जायला योग्य असेल तर 'ठीक' म्हणायचं. आधी वडीलधाऱ्याने, मग धाकट्याने. डॉक्टरची यंत्रं रक्त तपासतात, कान तपासतात, पण त्यांच्या दाखल्यावर निवतीची होडी सुटत नाही. जोडीदार 'नाही' म्हणाला तर कुणी कारण विचारत नाही. ज्याच्याबद्दल म्हटलं त्याने हात काढायचा आणि मागे जाऊन उभं राहायचं. तो पुन्हा उतरत नाही.

"आणि सांगून ठेवतंय," मामी उठता उठता म्हणाली. तिचा आवाज आता वेगळाच होता. "थय 'नाही' म्हटलंस, तर माझ्या दारात पाय ठेव नको."

घरी येताना दर्शनाने ठरवून टाकलं की आपण काही बोलायचं नाही. त्यात एवढं अवघड काय होतं? मामाचा सेल आपण सांभाळायचा. चोरून भरायचा, चोरून अर्धपोटी निजवायचा, रिंग आपण पुसायची. खाली गेल्यावर तीन हातांच्या आत राहायचं, उरलेलं दिवेच बघून घेतील. आजवर न कळत देत होतो, आता कळून देऊ. लहानपणी त्याने नाही का दिलं? हा विचार तिला इतका बरा वाटला की रात्री तिला छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी तिने मामाच्या दिव्यात आपल्याजवळचा नवाकोरा सेल घातला आणि थकलेला शेडच्या फळीवर ठेवला. हंगामाआधीची सरावाची बुडी होती. किनाऱ्याजवळच्या मनोऱ्यापाशी पास्कूने होडी बांधली. मामा पाण्यात शिरला आणि मामीचं म्हणणं पटावं असाच शिरला. साठी उलटलेला माणूस, पण पाण्यात त्याला वजन नव्हतं, वय नव्हतं. दर्शना त्याच्या मागे, बरोबर दोन हातांवर. दोन्ही दिवे लख्ख.

मनोऱ्याच्या पायाशी मामाने खरवडायला घेतलं. शिंपल्यांचा एक पट्टा साफ केला, सांधा बोटांनी चाचपला, तिला 'बरा आहे' अशी खूण केली. आता वळसा घालून पलीकडचा पट्टा घ्यायचा होता. मामा वळला नाही. त्याने तोच साफ केलेला पट्टा पुन्हा खरवडायला घेतला. मग पुन्हा. नुसतं लोखंड घासल्याचा आवाज पाण्यातून कानात घुसत होता. दर्शनाने त्याच्या दंडाला हात लावला. मामा वळला.

मास्कच्या काचेमागे मामाचे डोळे मोठे झाले होते. त्याने दिवा चहूकडे फिरवला. मनोऱ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि हाताने विचारलं, कुठे? उजेड भरपूर होता. दिव्यावर आकडा जवळजवळ पूर्ण दिसत होता. पण आपण कुठे आहोत, कशाला आलोत, यातलं मामाला काहीही उमगत नव्हतं. मग त्याने तिच्या कमरेचा पट्टा घट्ट धरला. तिला त्याने प्रथम पाण्यात घातलं तेव्हा तिनेही त्याचा असाच धरला होता. दर्शना घाबरली. आयुष्यात पहिल्यांदाच ती मामाबरोबर असताना पाण्यात घाबरली. तिने अंगठा वर करून 'वर चल' अशी खूण केली आणि त्याला धरून, थांबत थांबत वर आणलं.

होडीत चढल्यावर मामा पुन्हा पूर्वीचा होता. "काय गो, एवढ्यात वर काढलंस?" म्हणून तिच्यावरच डाफरला.

किनाऱ्यावर पास्कू इंजिन धुवायला गेला. दोघे उतारावर बसले, पाय पाण्यात सोडून. दर्शनाने कालपासून ठरवलेलं सगळं गिळून टाकलं आणि सरळ सांगितलं. टब सांगितला, सेल सांगितला, रिंगेवरचं कुंकू सांगितलं, मघाचा पट्टा सांगितला. सांगताना ती त्याच्याकडे बघत नव्हती.

मामा तिरमिरून उठला. "शिरा पडो तुझ्या तोंडार! माका शिकयतंस? मी तुका ह्या हातांनी..." आणि तो थांबला. त्या हातांनी काय, ते त्याला सापडत नव्हतं. मग तो चप्पल न घालता वाळूतून घराकडे चालू लागला. दर्शना चपला हातात घेऊन लांबून त्याच्या मागे गेली, तो घरात शिरेपर्यंत.

सकाळी शेड उघडायला ती आली तेव्हा मामा दारात बसलेला. रात्रभर झोपला नसावा. पण डोळे स्वच्छ होते. आज तो मामाच होता.

"माझो दिवो तुझ्यार चलता?" त्याने विचारलं.

"होय."

"किती दिवस?"

"गेलो सगळो हंगाम. तेच्याआधी माका ठाऊक नाय."

मामाने मान हलवली. दुकानदाराने खराब माल दाखवल्यावर हलवावी तशी, शांतपणे. "खय आसा तो सेल? तो घाल. माझो माका बघूचो आसा. नि तू तीन हातांच्या भायर रव. जवळ इलंस तर बघ!"

"टबात बघ ना मामा. पाण्यात कित्या?"

"टबात काय बघूचा? मी काय टबात बुडतंय?" मामा म्हणाला. तिने फळीवरचा थकलेला सेल पूर्ण भरून त्याच्या दिव्यात घातला.

पास्कूने त्यांना किनाऱ्यालगतच्या खडकांपाशी, खडपापाशी नेलं. तिथे पाणी फार खोल नाही आणि तळापर्यंत दोर सोडलेला असतो. मामाने दोर धरला, खाली गेला, तळाशी वाळूवर गुडघे टेकून बसला. दर्शना चार हातांवर बसली. मध्ये हिरवं, दाट पाणी. मामाने दिवा स्वतःच्या चेहऱ्यासमोर धरला होता, देवळात निरांजन धरतात तसा, आणि तो त्याच्याकडे एकटक बघत होता.

पहिल्यांदा दोघांचाही उजेड सारखा होता. मग मामाचा एक पायरी खाली उतरला. नवे दिवे आल्यापासून मामाच्या दिव्याचं हे कधी कुणी पाहिलं नव्हतं. दर्शनाचे पाय आपोआप हलले. एक हातभर, फार नाही. एवढं पुढे गेलं की तिचा दिवा हाक ऐकणार, ओ देणार आणि मामाचा चेहरा पुन्हा उजळणार. मामाने मान न वळवता तळहात तिच्याकडे केला. थांब. ती थांबली. वाळूतला एक दगड तिने दोन्ही हातांनी धरून ठेवला. मास्कच्या आत रडता येतं, फक्त नाक पुसता येत नाही. तिच्या हातातला दिवा भरलेला होता, पलीकडे मामाचा उतरत होता आणि तिने जवळ जायचं नव्हतं. इतकं कठीण काम तिने मनोऱ्याच्या पायातही केलं नव्हतं.

मामाचा दिवा आणखी उतरला. मग लुकलुकला, एकदा, दोनदा. जुन्या दिव्यांच्या काळात याचा अर्थ एकच असे: वळ आणि वर चल, काम राहिलं असेल तर राहू दे. मामाने पोरापोरींच्या दोन पिढ्यांकडून हे घोकून घेतलं होतं. पट्टा विसरलेला, बहीण गेली हे विसरलेला मामा हे विसरला नव्हता. त्याने दिवा खाली केला, दर्शनाकडे वळला, अंगठा वर केला आणि दोराला हात घालून आपला आपण वर गेला.

होडीत बसल्यावर त्याने विचारलं, "किती जळलो?"

"नव्याच्या तिसऱ्या हिश्शाइतको."

"मगे बाकीचो तुझोच जळत होतो." त्याने मान मनोऱ्यांकडे वळवली. पास्कूने उगाचच दोर गुंडाळायला घेतला. "दर्शना, कोजागिरीक तूच सांग. माझ्या तोंडातसून येवचा नाय. नि आज सांगतंय ता उद्या माझ्या ध्यानात रवात काय, माका ठाऊक नाय. मी थय तुझ्याकडे डोळे वटारलंय तरी सांग."

"मामी घरात घेवची नाय माका."

"ता खरा," मामा म्हणाला. "ती नाय घेवची." एवढं बोलून त्याने मास्क धुवायला घेतला. ती घेईल, समजूत पटेल, असलं काही तो बोलला नाही. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती.

कोजागिरीच्या सकाळी धक्क्यावर सगळं गाव जमलं. कंपनीच्या सुपरवायझर रेगे मॅडम मध्यभागी उभ्या राहिल्या. या रीतीत त्यांचं काम फक्त नावं घेण्याचं. मागे बायकांच्या घोळक्यात मामी होती, दर्शनाकडे बघत होती. मामा आदल्या दिवसापासून थोडा हरवलेला होता. सकाळी त्याने दर्शनाला दोनदा विचारलं होतं, आज कसली गर्दी? त्याने तिला काय सांगायला सांगितलं होतं ते त्याला आठवतंय की नाही, हे विचारायचा तिला धीर झाला नाही.

"सगुण गिरकर," रेगे मॅडम म्हणाल्या. "जोडीदार?"

मामाने दर्शनाच्या खांद्यावर हात ठेवला. "ठीक," तो खणखणीत म्हणाला. आणि रीतीत नसलेलं वर जोडलं, "माझ्यापरीस ठीक." लोक हसले.

"दर्शना खवणेकर. जोडीदार?"

दर्शनाने मामाच्या खांद्यावर हात ठेवला. शर्टाखाली हाड लागत होतं, एवढा तो कधी वाळला? तिने त्याच्याकडे पाहिलं. मामा हसऱ्या चेहऱ्याने तिच्याकडे बघत होता, शाळेत बक्षीस घेणाऱ्या पोरीकडे बघावं तसा. त्याला आठवत नव्हतं. तिची खात्री पटली, त्याला काहीएक आठवत नव्हतं. 'ठीक' म्हटलं तर संध्याकाळी मामी दूध आटवून तिची वाट बघणार होती.

"नाही," दर्शना म्हणाली.

हसणारे थांबले. मागून मामीचा हुंदका आला आणि बांगड्यांचा आवाज घोळक्यातून दूर जात राहिला. मामाच्या चेहऱ्यावरचं हसू नुसतं जागच्या जागी राहिलं. आतून काहीतरी सावकाश वर येत असावं. रीतीप्रमाणे आता त्याने हात काढायचा होता आणि मागे जाऊन उभं राहायचं होतं. सगळे त्याचीच वाट बघत होते. त्याने दर्शनाच्या खांद्यावरची बोटं उलट जरा जास्तच घट्ट केली, पाण्याखाली तिचा पट्टा धरला होता तशी, तिला दुखेल इतकी.

रेगे मॅडमनी घसा साफ करून पुढच्या जोडीचं नाव घेतलं. ती जोडी पुढे आली, एकमेकांना 'ठीक' म्हणाली, मागची तिच्यामागून आली. मामाचा हात दर्शनाच्या खांद्यावर तसाच होता.